पिल्लू कोंबडी होणार की कोंबडा : पहिल्या दिवसापासून पहिल्या अंड्यापर्यंतची पारख

चार वर्षांपूर्वी इंदूरच्या सुदामानगरातील आमच्या घराच्या मागील अंगणात कडकनाथाची नऊ पिल्ले आली, तेव्हा विकणाऱ्याने ‘सब मुर्गी ही निकलेंगी, भाईसाहब’ असे छातीठोकपणे सांगितले होते. त्या नऊंपैकी पाच कोंबडे निघाले. विकणाऱ्याने फसवले असे मी म्हणणार नाही, कारण दोन दिवसांच्या कडकनाथाच्या पिल्लाकडे पाहून नर-मादी सांगणे त्यालाही शक्य नव्हते. मात्र ही गोष्ट तेव्हा मला ठाऊक असती, तर मी पिल्ले वेगळ्या हिशेबाने घेतली असती, आणि पहाटे साडेचारला पाच गळे एकदम आरवू लागल्यावर शेजारच्या काकूंना तोंड दाखवण्याची चोरी झाली नसती.

अंड्यांसाठी पाच-सात कोंबड्या पाळू इच्छिणाऱ्या घरासाठी हा लेख आहे. पारखीच्या सगळ्या खुणा एकाच वेळी उपयोगी पडत नाहीत. प्रत्येक खुणेचा एक काळ असतो. त्याआधी ती पाहिली तर ती फसवते, आणि काहींच्या बाबतीत तो काळ उलटून गेल्यावर पाहिली तरी फसवते. म्हणून पुढील मांडणी पिल्लाच्या वयाप्रमाणे केली आहे.

पिल्ले घेण्यापूर्वी

पारखीचे निम्मे काम पिल्ले घरी येण्याआधी होते. विकणाऱ्याला ‘यात माद्या किती?’ असे न विचारता ‘यांचे आई-बाप कोणत्या जातीचे?’ आणि ‘हॅचरीत (उबवणी केंद्रात) नर-मादी निवड झालेली आहे का?’ हे दोन प्रश्न विचारावेत. अंड्यांसाठी तयार केलेल्या व्यापारी संकरित जातींची पिल्ले हॅचरीत पहिल्याच दिवशी निवडून वेगळी केलेली असतात, आणि अशा माद्या थोड्या चढ्या दराने मिळतात. देशी, असील किंवा कडकनाथ यांची पिल्ले मात्र बहुधा न निवडता, आली तशी विकली जातात. इंदूरपासून झाबुआ सुमारे दीडशे किलोमीटरवर असल्यामुळे आणि 2018 मध्ये तेथील कडकनाथाच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळाल्यामुळे आपल्याकडे कडकनाथाची पिल्ले सहज मिळतात, पण ती जवळजवळ नेहमी या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

रस्त्यावर टोपलीत गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेली जी पिल्ले मुलांना भुरळ घालतात, ती बहुतेक वेळा अंड्यांच्या जातींतून निवडून बाजूला काढलेले नर असतात. अंडी हवी असतील तर तो मोह टाळावा, हे वेगळे सांगायला नको.

न निवडलेली पिल्ले घेताना साधे गणित करावे. नर-मादीचे प्रमाण ढोबळपणे निम्मे-निम्मे धरले, तर सहा पिल्लांतून सहाही माद्या निघण्याची शक्यता चौसष्टात एक आहे. चार कोंबड्या हव्यात म्हणून आठ पिल्ले आणली, तर किमान चार माद्या मिळण्याची शक्यता सुमारे 64 टक्के असते, म्हणजे तीनांत एकदा निराशा ठरलेली. दहा आणली तर तीच शक्यता सुमारे 83 टक्के होते. यात पिल्लांची मरतूक धरलेली नाही. मी आता चार कोंबड्यांसाठी बारा पिल्ले घेतो आणि निघतील त्या नरांचे काय करायचे, कोणाकडे द्यायचे, हे पिल्ले घरी येण्याआधी ठरवून ठेवतो.

पहिला दिवस : काय दिसते आणि का दिसत नाही

पक्ष्यांत अपत्याचे लिंग आईकडून ठरते. कोंबड्याजवळ दोन ‘झेड’ गुणसूत्रे असतात, तर कोंबडीजवळ एक ‘झेड’ आणि एक ‘डब्ल्यू’. कोंबडीने अंड्यात ‘डब्ल्यू’ घातले की मादी, ‘झेड’ घातले की नर. याचा अर्थ असा की अंडे घालण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो. नंतर उबवणीच्या पेटीचे तापमान कमी-जास्त करून नराची मादी करता येत नाही. मगर आणि काही कासवांत तापमानाने लिंग ठरते, त्यावरून हा गैरसमज कोंबड्यांना चिकटला असावा.

याच रचनेतून पहिल्या दिवसाच्या पारखीची एक पक्की वाट निघते. मादी पिल्लाला तिचे एकुलते एक ‘झेड’ बापाकडून मिळते, आणि नर पिल्लाला एक बापाकडून व एक आईकडून. त्यामुळे ‘झेड’वर बसलेला एखादा ठळक, म्हणजे प्रभावी गुण केवळ आईत असेल, तर तो तिच्या मुलांत उतरतो, मुलींत उतरत नाही. मुली बापावर, मुलगे आईवर, असे लक्षात ठेवावे.

आडव्या पट्ट्यांची प्लिमथ रॉक कोंबडी आणि ऱ्होड आयलंड रेड कोंबडा यांची पिल्ले हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. ही सगळी पिल्ले काळी असतात, परंतु नराच्या टाळूवर पांढुरका ठिपका असतो आणि मादीच्या डोक्यावर नसतो. पट्ट्यांचा गुण आईकडून फक्त मुलांना गेलेला असतो, त्याचीच ती खूण. जोडी उलटी केली, म्हणजे कोंबडा पट्ट्यांचा आणि कोंबडी लाल घेतली, तर सगळ्याच पिल्लांना पट्टे येतात आणि ही खूण निकामी होते. हाच न्याय सोनेरी आणि चंदेरी रंगाला लागतो : सोनेरी गुणाचा कोंबडा आणि चंदेरी गुणाची कोंबडी घेतल्यास माद्या तांबूस व नर फिकट पिवळसर निघतात. तपकिरी अंडी देणाऱ्या अनेक व्यापारी जातींत हॅचरीवाले पिल्लांच्या रंगावरून निवड करतात, ती याच आधारावर. आणि म्हणूनच शेजाऱ्याने सांगितलेली ‘लालसर पिल्ले म्हणजे माद्या’ ही खूण तुमच्या गावठी पिल्लांना लावू नये. ती त्या विशिष्ट जोडीपुरतीच खरी आहे, आणि गावठी कोंबडीच्या वंशावळीत कोण कोण येऊन गेले हे कोणी लिहून ठेवलेले नसते.

कडकनाथ पाळणाऱ्यांना रस वाटेल अशी एक गोष्ट येथेच सांगतो. कडकनाथाची कातडी, हाडे आणि मांस काळपट असते, तसेच सिल्की या जातीचेही असते. केंब्रिजच्या बेटसन आणि पनेट या दोघा शास्त्रज्ञांनी 1911 मध्ये सिल्कीचे संकर तपासून दाखवले की हा काळेपणा दाबून टाकणारा एक गुणही ‘झेड’वरच असतो. काळ्या कातडीचा कोंबडा आणि हा दाबणारा गुण असलेली उजळ कातडीची कोंबडी यांच्या जोडीत मुलींची कातडी काळी व मुलांची उजळ निघते. शुद्ध कडकनाथाच्या जोडीत मात्र दोघांजवळही तो दाबणारा गुण नसल्याने सगळीच पिल्ले सारखी काळसर असतात, आणि रंग आपल्याला काहीच सांगत नाही.

दुसरी वाट पंखाची. पहिल्या एक-दोन दिवसांत पिल्लाचा पंख हलकेच उघडून कडेला पाहिले तर पिसांच्या दोन ओळी दिसतात, खालची मुख्य पिसांची आणि वरची ती झाकणाऱ्या पिसांची. काही खास जोड्यांत मादीची खालची पिसे वरच्यांपेक्षा स्पष्टपणे लांब असतात, तर नराच्या दोन्ही ओळी सारख्या किंवा वरची ओळच लांब असते. हा फरकही आईने मुलग्यांना दिलेल्या ‘सावकाश पीस फुटणे’ या गुणामुळे पडतो. त्यासाठी आई सावकाश पिसांच्या वाणाची आणि बाप झटपट पिसांच्या वाणाचा असावा लागतो. इंटरनेटवरील चित्रफिती पाहून देशी पिल्लांचे पंख उघडून बसणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. आमच्या नऊ पिल्लांचे पंख मीही भिंगाखाली पाहिले होते, आणि आठांना ‘मादी’ ठरवून समाधानाने झोपलो होतो.

तिसरी वाट मागच्या द्वाराची, म्हणजे अवस्कराची तपासणी. एका दिवसाच्या पिल्लाला उलटे धरून, विष्ठा काढून, अवस्कर अंगठ्याने किंचित उलगडल्यावर नरात आतील कडेवर बारीक दाण्याएवढा उंचवटा दिसतो. ही पद्धत जपानमध्ये 1920 च्या दशकात मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढली आणि पुढे जगभरातील हॅचऱ्यांनी स्वीकारली. अडचण अशी की अनेक माद्यांतही तसाच छोटा उंचवटा असतो, आणि त्याचा आकार, घट्टपणा व चकाकी यांतील बारकावा हजारो पिल्ले हाताखालून गेल्याशिवाय नजरेत बसत नाही. तरबेज माणूस तासाला शेकडो पिल्ले जवळजवळ अचूक निवडतो. नवख्याच्या बोटांत पिल्लाच्या पोटातील बलक फुटून ते दगावू शकते. घरी हा प्रयोग करू नये. माझे यावर याहून अधिक काही म्हणणे नाही.

कडी आणि वही

पिल्ले आठवड्याची झाली की प्रत्येकाच्या पायात वेगळ्या रंगाची प्लॅस्टिकची कडी घालावी. कड्या मिळाल्या नाहीत तर रंगीत लोकरीचा सैल वेढाही चालतो. पाय झपाट्याने जाड होतो, म्हणून दर चार-पाच दिवसांनी कडी फिरते की नाही हे बोटाने पाहावे. मांसात रुतलेली कडी पिल्लाला कायमचे लंगडे करते.

एका वहीत प्रत्येक रंगाला एक पान द्यावे आणि आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, ठरावीक प्रकाशात तुऱ्याचा रंग, तुऱ्याची उंची, पाठीवरील पिसे, शेपूट आणि पायांची जाडी यांची नोंद करावी. मोबाईलवर बाजूने एक छायाचित्र काढावे, मागे दरवेळी तीच भिंत ठेवावी. शेवटी आपला अंदाज लिहावा आणि मागील अंदाज मात्र खोडू नये. वहीचा खरा उपयोग असा की एकाच पिल्लाकडे पाहून ‘याचा तुरा मोठा आहे का?’ या प्रश्नाला उत्तर नसते. तुलना नेहमी त्याच जातीच्या, त्याच दिवशी उबलेल्या भावंडांशी करायची असते. पाच आठवड्यांचे गावठी आणि पाच आठवड्यांचे असील शेजारी ठेवून नर-मादी ओळखायला जाणे म्हणजे आंब्याच्या कैरीवरून पेरूचा अंदाज बांधणे होय.

तिसरा ते पाचवा आठवडा : पिसे

या वयात कोवळी लव जाऊन खरी पिसे येऊ लागतात. बऱ्याच भारी अंगाच्या जातींत माद्यांना पिसे लवकर आणि सारखी फुटतात, तर नरांच्या पाठीवर आणि खांद्यांवर काही दिवस उघडे, खरबरीत पट्टे राहतात. मादीचे शेपूटही आधी उभे राहते, नराच्या जागी नुसते खुंट दिसतात. ही खूण वहीत टिपावी, पण तिच्यावर निर्णय करू नये. थंडीत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, माळव्याच्या पठारावर रात्रीचा पारा दहा अंशांखाली उतरतो, ब्रूडरचा, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीचा, बल्ब कमी पडला तर सगळीच पिल्ले मंद वाढतात, आणि एकमेकांची पिसे ओरबाडणारे एखादे भावंड असेल तर पाठ उघडी असण्याचे कारण लिंग नसून चोच असते.

पाचवा ते नववा आठवडा : तुरा

घरगुती पालकाला पहिला भरवशाचा पुरावा याच काळात मिळतो, म्हणून येथे थोडे थांबू.

एकेरी, करवतीसारख्या दात्यांचा तुरा असलेल्या जातींत पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून नराचा तुरा भरू लागतो. आधी तो बुडाशी जाड होतो, मग गुलाबी होतो, मग दाते वेगळे दिसू लागतात, आणि त्याच सुमारास चोचीखाली लोंबणाऱ्या पाळ्याही रंग धरतात. मादीचा तुरा याच वयात पातळ, आखूड आणि पिवळसर-फिकट राहतो. तुरा नरसंप्रेरकाला प्रतिसाद देणारा अवयव असल्यामुळे तो लवकर बोलतो. आठव्या आठवड्याला बहुतेक गावठी पिल्लांत डोळ्यांनीच दोन गट पडलेले दिसतात.

तपासणी अशी करावी. सकाळी दाणे टाकण्यापूर्वी, पिल्ले शांत असताना, प्रत्येकाला दोन्ही हातांत छातीखालून धरावे आणि तुरा बाजूने न पाहता वरून पाहावा. बाजूने पाहिल्यावर उंचीच लक्षात येते, आणि उंची फसवी असते. वरून पाहिल्यावर चोचीच्या मुळाशी तुऱ्याची रुंदी दिसते. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यात तुरा हलका दाबून पाहावा. नराचा मांसल आणि उबदार लागतो, मादीचा कागदासारखा. ही बोटांची परीक्षा मला नजरेपेक्षा अधिक उपयोगी पडली आहे.

कडकनाथाच्या बाबतीत तर ती अपरिहार्य ठरते, कारण त्याच्या काळपटपणात लाली बुडून जाते. त्याचा तुरा करडा, जांभळट किंवा काळसर लाल असतो, आणि ‘लाल झाला की नर’ हा नियम लावणारा मनुष्य महिनाभर वाट पाहत बसतो. येथे रंग सोडून आकार आणि जाडी पाहावी. आमच्या पहिल्या नऊ पिल्लांत निळ्या कडीचे एक पिल्लू सहाव्या आठवड्यापर्यंत ‘मादी’ म्हणून लिहिले गेले होते, कारण त्याचा तुरा इतरांपेक्षा काळा होता. सातव्या रविवारी वरून पाहिले तेव्हा त्याच तुऱ्याची रुंदी त्याच्या शेजारणीच्या दुप्पट भरली. नंतर ते पिल्लू पाचांत सर्वांत मोठ्याने आरवणारे निघाले.

असीलाच्या डोक्यावर वाटाण्याच्या दाण्यांसारखा बसका, तीन ओळींचा तुरा असतो आणि चोचीखालील पाळ्या जवळजवळ नसतातच. तेथे मधली ओळ रुंद व तांबडी होते का एवढेच पाहावे, आणि निर्णय पिसांवर सोडावा. आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. आजारी, विशेषतः रक्ती हगवण झालेल्या नराचा तुरा फिका पडतो, तेव्हा त्या आठवड्याची नोंद पुराव्यात धरू नये. उलट बाजूने, अंड्यावर येणाऱ्या तलंगेचा, म्हणजे तरुण कोंबडीचा, तुराही लाल होतो. चौथ्या-पाचव्या महिन्यात अचानक तुरा लाल झालेला पाहून ‘अरेरे, हाही कोंबडाच’ म्हणत तलंग विकून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. तेवढ्या उशिरा प्रथमच लाल होणारा तुरा बहुतेक वेळा चांगली बातमी असते.

दहावा ते चौदावा आठवडा : पिसांचे टोक

तुऱ्याने शंका ठेवली असेल तर पिसे ती फेडतात. मादीच्या शरीरातील स्त्री-संप्रेरकामुळे तिची पिसे गोल टोकाची राहतात. ते संप्रेरक नसेल तर मान, पाठीचा मागील भाग आणि शेपूट येथे लांब, टोकदार, चकचकीत पिसे येतात. म्हणजे पिसांचे टोक हे थेट अंडाशयाच्या कामाचे चिन्ह आहे, आणि म्हणूनच ते इतर खुणांपेक्षा वजनदार मानावे.

मानेची पिसे आधी पाहू नयेत. मादीचीही मानेची पिसे किंचित निमुळती असतात, आणि नवख्याचा गोंधळ तेथेच होतो. पाहायची जागा म्हणजे कंबर, जेथे पाठ संपून शेपूट सुरू होते ती. पक्ष्याला काखेत घ्यावे, डोके मागे आणि शेपूट पुढे असे. एका हाताने पंख जरा बाजूला करावा आणि कमरेच्या दोन्ही बाजूंची नवी पिसे बोटाने उलट दिशेने उचकटून प्रकाशात धरावीत. नराची पिसे अरुंद, भाल्याच्या पात्यासारखी आणि कडांना झालरीसारखी विरळ दिसतात, आणि वाढली की कमरेवरून खाली लोंबतात. मादीची पिसे रुंद, टोकाला गोलसर आणि एकमेकांवर कौलांसारखी बसलेली असतात. दहाव्या आठवड्यात असे एक टोकदार पीस जरी नव्याने उगवताना सापडले तरी निर्णय झाला असे समजावे. बाराव्या-चौदाव्या आठवड्यात नराच्या शेपटात कोयत्यासारखी वळणारी पिसे डोकावू लागतात, तोवर बहुधा उचकटून पाहण्याची गरजही उरत नाही.

काही मोजक्या जातींत कोंबड्यांनाही कोंबडीसारखी गोल पिसे असतात, पण आपल्याकडील गावठी, असील किंवा कडकनाथात ही अडचण येत नाही.

आवाज, वागणूक आणि पायाचा काटा

आरवणे ही सर्वांना ठाऊक असलेली खूण, पण तिचे वेळापत्रक बेभरवशाचे आहे. कोणी दोन महिन्यांत घोगरा प्रयत्न करतो, कोणी पाच महिने गप्प राहतो, आणि एकाच खुराड्यात एक दांडगा नर असेल तर धाकटे भाऊ त्याच्या धाकाने तोंडच उघडत नाहीत. दांडग्याला चार दिवस वेगळे ठेवले की खरे काय ते कळते. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण वाकवून असे म्हणता येईल की कोंबडा दबला म्हणून कोंबडी होत नाही. क्वचित एखादी कोंबडीही आरवते, विशेषतः कळपात नर नसताना. तिचे कार्यरत असलेले डावे अंडाशय रोगाने निकामी झाले तर तिला कोंबड्यासारखी पिसेही येऊ शकतात, पण हा अपवाद मोठ्या वयाच्या कोंबडीतला, पिल्लांतला नव्हे.

वागणुकीवर मी आता फारसा विश्वास ठेवत नाही. नर धीट असतो, छाती पुढे काढून उभा राहतो, नवी वस्तू पाहायला आधी येतो, हे सामान्यतः खरे आहे. परंतु आमच्या कळपात सर्वांत भांडकुदळ पिल्लू, ज्याच्या पानावर मी सलग चार आठवडे ‘नर, नक्की’ असे अधोरेखित करून लिहिले होते, ते पुढे गोल पिसांची, सर्वांवर हुकूम चालवणारी कोंबडी निघाले. उतरंडीत वर असलेल्या माद्या लहानपणीही तशाच असतात.

पायामागील काट्याचेही तसेच. पिल्लेपणी दोघांच्याही पायावर तो केवळ बारीक गोळीसारखा असतो, नरात तो कित्येक महिन्यांनी लांबतो, आणि काही वयस्क माद्यांनाही काटा येतो. त्यापेक्षा पायांची जाडी लवकर काम देते : एकाच वयाच्या भावंडांत नराची नळी जाड आणि सांधे ठसठशीत असतात.

ऐकीव उपाय

टोकदार अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी, असे आमची आत्या अंडी रवणाला, म्हणजे उबवायला, घालताना सांगत असे; तिच्या सासरी नेमके उलटे सांगत. अंड्यावर दोऱ्याला बांधलेली अंगठी फिरवणे, पिल्लाला मानेच्या कातडीने उचलून पाय कसे लोंबतात ते पाहणे, पायांनी धरून डोके वर करते का ते पाहणे, यांपैकी एकही रीत नाणेफेकीपेक्षा सरस नाही. नाणेफेकही निम्म्या वेळा खरी ठरते, आणि त्यामुळेच या रीती टिकून आहेत. अंगठी फिरवण्याने अंड्याचे काही बिघडत नाही, पण कोवळ्या पिल्लाला मानेने किंवा पायांनी लोंबकळवणे मात्र बंद करावे.

एखादे पिल्लू शुद्ध जातीचे, महागडे असेल आणि लवकर कळणे आवश्यक असेल, तर पीस किंवा रक्ताचा थेंब पाठवून डीएनए तपासणी करून घेता येते. ती कोणत्याही वयात चालते. घरगुती अंड्यांसाठी तो खर्च परवडत नाही.

निर्णय कधी करावा

माझा शिरस्ता असा आहे की नवव्या आठवड्यापूर्वी कोणतेही पिल्लू कोणाला द्यायचे नाही आणि चौदाव्या आठवड्यानंतर जास्तीचा नर घरी ठेवायचा नाही. नवव्या आठवड्याला तुरा आणि पायांची जाडी एकाच बाजूला कौल देत असतील तर तो धरावा. दोघांत मतभेद असेल तर कमरेच्या पिसांपर्यंत थांबावे. अंडी खाण्यासाठी नराची मुळीच गरज नसते, हे अजूनही अनेकांना पटत नाही. नर फक्त पिल्ले काढायची असतील तरच लागतो, आणि तेव्हाही आठ-दहा कोंबड्यांना एक पुरतो. चार कोंबड्यांत दोन कोंबडे ठेवले तर कोंबड्यांच्या पाठीवरील पिसे सोलवटून निघतात आणि दोघे आपापसांत रक्त काढतात. दाट वस्तीत राहणाऱ्यांनी पहाटेच्या आरवण्याचा हिशेब यात मिळवावा.

एवढे करूनही एखादे पान संशयित राहतेच. अशा पक्ष्यासाठी शेवटची तपासणी बोटांची आहे. शेपटाखाली, अवस्कराच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक हाडांची टोके लागतात. अंड्यावर न आलेल्या तलंगेत त्यांच्यात जेमतेम एका बोटाची जागा असते आणि ती कडक लागतात. अंडी सुरू होण्याच्या सुमारास तेथे दोन-तीन बोटे बसतात आणि हाडे लवचीक होतात. त्याच दिवसांत पाठीवर हात ठेवताच ती पंख जरा पसरून खाली दबते आणि खुराड्याचे कोपरे उकरू लागते. कडकनाथ साधारण सहा महिन्यांनी अंड्यावर येते, म्हणून पाचव्या महिन्याच्या अखेरीस कोपऱ्यात भुसा घातलेले एक घमेले ठेवून द्यावे आणि सकाळी दहाच्या सुमारास त्यात डोकावून पाहावे.